गोचीडतापानंतर कारवानी नराचं वीर्य कमजोर आलंय: किती थांबायचं, काय तपासायचं?

माळरान_लातूर

नमस्कार मंडळी. कारवानी जातीचा कुत्रा, नर, वय ४ वर्षं, वजन २४ किलो. मार्चमध्ये याच्यापासून ७ पिल्लं झाली, म्हणजे तोवर अडचण नव्हती. पुढचं तारखांसकट देतो.

२ ते ७ जुलै: ताप १०४ ते १०५ फॅरनहाइट, खाणं बंद, हिरड्या फिक्या, पोटावर लाल ठिपके. प्लेटलेट ४२ हजार. रॅपिड किटवर एर्लिकिया (गोचीडतापाचा जंतू) पॉझिटिव्ह.

४ जुलै: डॉक्सिसायक्लिन (प्रतिजैविक, पुढे नुसतं डॉक्सी) सुरू. ३१ जुलैला २८ दिवस पूर्ण, एकही दिवस खंड नाही.

१० आणि १२ ऑगस्ट: दोनदा मेटिंग. दोन्ही वेळा नीट अडकले, १५ ते २० मिनिटं.

३० ऑगस्ट: दुसऱ्या मादीला हो म्हणण्याआधी वीर्य तपासून घेतलं. एकूण ६ मि.लि., एका मि.लि.मध्ये २ कोटी शुक्राणू, पुढे जाणारी हालचाल २५ टक्के, सदोष ५८ टक्के. शेवटी ‘पस सेल्स ८ ते १०’ असा शेरा.

७ सप्टेंबर: पहिल्या मादीची सोनोग्राफी. रिकामी.

आज प्लेटलेट २ लाख १० हजार आहेत. वजन भरून आलंय, उड्या मारतोय. किट मात्र अजून पॉझिटिव्ह दाखवतं.

प्रश्न तीन. हे गोचीडतापामुळेच झालं का? परत सुधारतं का, आणि किती दिवसांत? किट पॉझिटिव्ह आहे म्हणून डॉक्सीचा दुसरा कोर्स द्यायचा का? या रक्ताचे नर आमच्या भागात फार उरले नाहीत, म्हणून घाईत चुकीचा निर्णय नको आहे.

---

पशुप्रजनन

तारखा दिल्यात ते फार चांगलं केलंत. या प्रश्नाचं निम्मं उत्तर तारखांतच असतं.

कुत्र्याच्या वृषणात मूळ पेशीपासून शुक्राणू तयार व्हायला साधारण ६२ दिवस लागतात. मग तो वृषणाला चिकटलेल्या एपिडिडिमिसच्या नळीतून १० ते १४ दिवस प्रवास करत पिकतो. म्हणजे आज बाहेर आलेला शुक्राणू अडीच महिन्यांपूर्वी घडायला लागलेला असतो. आजचं वीर्य आजच्या तब्येतीचा दाखला देत नाही, ते अडीच महिन्यांतलं सगळं सांगतं.

आता तुमच्या तारखा लावून बघा. १० ऑगस्टच्या मेटिंगमध्ये जे शुक्राणू गेले, ते ताप चढला तेव्हा वृषणात विभाजनाच्या ऐन टप्प्यावर होते. उष्णतेला सगळ्यात नाजूक पेशी याच. ३० ऑगस्टच्या नमुन्यातले त्याहून थोडे कोवळ्या अवस्थेत सापडले. दोन्ही तारखा तापाच्या सावलीत पडल्या. नर चपळ दिसत होता, अडकणंही व्यवस्थित झालं, त्यामुळे कुणालाच शंका आली नाही. कामेच्छा आणि शुक्राणू यांचं वेळापत्रक वेगळं असतं.

वृषण शरीराबाहेर लटकतात ते थंड राहण्यासाठी. आत जाणारं गरम रक्त बाहेर येणाऱ्या शिरांच्या जाळ्याशी गुंडाळलेल्या धमनीतून जातं आणि वाटेतच निवतं, त्यामुळे तिथलं तापमान शरीरापेक्षा दोन-चार अंश सेल्सिअसने कमी राहतं. पाच-सहा दिवस १०४-१०५ ताप राहिला की ही सोय कोलमडते. मूळ पेशी बहुतेक वाचतात, मधल्या मरतात किंवा वाकड्यातिकड्या घडतात.

गोचीडतापात तापाखेरीज आणखीही काही घडतं, आणि साध्या तापापेक्षा याची जास्त काळजी करायची ती त्यामुळे. एर्लिकिया पांढऱ्या पेशींत राहतो आणि शरीरभर रक्तवाहिन्यांना सूज आणतो. वृषण आणि वृषणकोशातल्या बारीक वाहिन्याही त्यात येतात. प्लेटलेट घसरल्यामुळे आत रक्तस्राव होऊ शकतो. गोचिडीतून येणाऱ्या दुसऱ्या जंतूत, बबेसियात, तांबड्या पेशी फुटतात, रक्त कमी पडतं, वृषणाला ऑक्सिजन अपुरा मिळतो. तिसरी गोष्ट सगळ्यात चिवट आहे. वृषणातल्या नळ्यांभोवती एक पडदा असतो, त्याच्यामुळे शरीराच्या प्रतिकारशक्तीला शुक्राणू कधी दिसतच नाहीत. सूज आली की तो पडदा फाटतो, आणि शरीर स्वतःच्याच शुक्राणूंविरुद्ध अँटिबॉडी बनवायला लागतं. तापाची इजा वेळेने भरून येते. ही इजा भरेलच असं नाही.

म्हणून दोन प्रकार वेगळे ओळखायचे. आजारपणात वृषणकोश सुजला होता का, गरम लागत होता का, नर तिथे सारखा चाटत होता का, मागचे पाय फाकवून चालत होता का? यातलं काही नसेल तर ही बहुधा तापाची इजा, आणि ती सुधारण्याची शक्यता चांगली. होतं असं असेल तर वृषणाचा किंवा एपिडिडिमिसचा दाह धरून चला आणि सोनोग्राफी करून घ्या.

हातानेही बरंच कळतं. नर उभा असताना दोन्ही वृषण अंगठा आणि दोन बोटांत हलकेच धरा. निरोगी वृषण सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखा लागतो, घट्ट पण दाबलं तर किंचित दबणारा, आणि दोन्ही जवळपास सारखे. मऊ पडलेल्या द्राक्षासारखा लागला तर आतल्या नळ्या रिकाम्या झाल्या आहेत. एखादा टणक आणि खडबडीत लागला तर जुन्या दाहाचा वण. व्हर्नियर कॅलिपर असेल तर दोन्हींची रुंदी मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा आणि दर पंधरवड्याला मोजा. आकडा स्थिर असेल तर बरं, उतरत असेल तर थांबू नका.

तुमचा अहवाल वाचताना ‘मि.लि.ला किती’ या आकड्यावर जाऊ नका. कुत्र्याच्या वीर्यात शेवटी येणारं पाणी प्रोस्टेटचं असतं, ते कधी २ मि.लि. येतं तर कधी २०. जितकं पाणी धराल तितकं वीर्य पातळ दिसणार. एकूण आकडा काढा. ६ मि.लि. गुणिले २ कोटी, म्हणजे १२ कोटी. ढोबळ अपेक्षा किलोमागे २ कोटी २० लाख, म्हणजे २४ किलोच्या नराला सुमारे ५३ कोटी. त्या १२ कोटींतले २५ टक्केच पुढे सरकणारे, म्हणजे ३ कोटी. ताज्या वीर्याने कृत्रिम रेतन करायचं तरी १५ ते २० कोटी चांगले शुक्राणू लागतात. मादी रिकामी राहिली यात नवल नाही.

७ जुलैला ताप उतरला. त्यात ७५ दिवस मिळवा, २० सप्टेंबर येते. त्याआधीच्या कुठल्याही तपासणीवरून या नराबद्दल निकाल देऊ नका.

---

स्लाइडघर

वरचं सगळं बरोबर. फक्त त्या अहवालावर किती विश्वास ठेवायचा तेही बघायला हवं, कारण कुत्र्याचं वीर्य तपासताना नमुना बिघडवणं फार सोपं आहे.

१२ ऑगस्टनंतर थेट ३० ऑगस्टला नमुना घेतला, म्हणजे १८ दिवसांचा साठा. एपिडिडिमिसच्या शेपटीत पडून राहिलेले शुक्राणू म्हातारे होतात, मरतात, डोकी शेपटीपासून सुटतात. पहिला नमुना नेहमी वाईट दिसतो. एकदा काढून टाका, चार-पाच दिवसांनी परत काढा, तो तपासा.

काढताना तीन भाग येतात. आधी थोडं स्वच्छ पाणी, ते नको. मग दुधाळ भाग, अर्धा ते तीन-चार मि.लि., शुक्राणू यातच. मग पुन्हा स्वच्छ पाणी सुरू झालं की नळी बदला. माजावरची मादी समोर असेल तर नमुना कितीतरी चांगला मिळतो. पिवळा आला तर लघवी मिसळली, फेकून द्या. लालसर आला तर ताजं रक्त, तपकिरी आला तर जुनं. प्लेटलेट कमी असताना नमुना घेतला तर रक्त उतरू शकतं, आणि ते प्रोस्टेटच्या दुखण्याशी गोंधळतं. दीड लाखाच्या आत प्लेटलेट असतील तर घाई करू नका.

हालचाल २५ टक्के दिसली, पण स्लाइड किती गरम होती? स्लाइड, कव्हरस्लिप, पिपेटचं टोक, सगळं ३७ अंश सेल्सिअसला हवं. थंड काचेवर धडधाकट शुक्राणूही गोगलगायीसारखे चालतात. पाण्याचा एक थेंब, साबणाचा अंश, हाताला लावलेलं स्पिरिट, जेल लावलेला रबराचा कोन, यातलं काहीही शुक्राणू मारतं. नमुना काढल्यापासून दहा मिनिटांच्या आत हालचाल बघितलीच पाहिजे. डब्यात घालून मोटारसायकलवरून तासाभराने पोचवलेल्या नमुन्याच्या हालचालीला काही अर्थ नाही. मोजणी आणि आकार मात्र त्यातूनही कळतात.

मोजणी न्यूबॉयर चेंबरमध्ये (पेशी मोजायची चौकोन आखलेली काच), १ ला १०० पातळ करून. मधल्या मोठ्या चौकोनात (आतले २५ चौकोन धरून) जितके शुक्राणू दिसतील तितके दशलक्ष एका मि.लि.मध्ये. ६० दिसले तर ६ कोटी. दोन्ही बाजू मोजून सरासरी घ्यायची. दोन्हींत फार तफावत आली तर नमुना नीट ढवळला गेला नाही, परत भरा.

आता त्या ‘पस सेल्स’कडे वळू. हीच नोंद मला सगळ्यात जास्त खटकते. न रंगवलेल्या स्लाइडवर गोल पेशी दिसली की पू लिहून मोकळं होतात. ताप येऊन गेलेल्या नराच्या वीर्यात वृषणातून अर्धवट सुटलेल्या कोवळ्या पेशीही गोलच दिसतात, कधी एकात दोन-तीन केंद्रकं असलेल्या. त्यांचा पुवाशी संबंध नाही. वाळवलेला थर गिम्सा किंवा डिफ-क्विकने रंगवा. शुक्राणू रंग उशिरा घेतात म्हणून डिफ-क्विकच्या प्रत्येक भांड्यात पाच-पाच मिनिटं ठेवा. १००० पट मोठं करून बघा. केंद्रक तीन-चार तुकड्यांत, पाकळ्यांसारखं दिसलं तर न्यूट्रोफिल (पुवातली पांढरी पेशी), म्हणजे खरा दाह. एकच गोल, गुळगुळीत, घट्ट केंद्रक दिसलं तर कोवळी शुक्राणूपेशी, म्हणजे तापाची इजा. एकाला प्रतिजैविक लागतं, दुसऱ्याला फक्त वेळ लागतो.

आकाराचे ५८ टक्के दोष कुठले तेही मागून घ्या. निदान १०० शुक्राणू मोजून डोकं, मानेजवळचा थेंब, वळलेली शेपटी, सुटलेली डोकी असे वेगवेगळे आकडे हवेत. डोक्याचे दोष आणि मानेजवळचा थेंब जास्त असेल तर गडबड वृषणात घडताना झाली. नुसती सुटलेली डोकी जास्त असतील तर साठून राहिल्याचा परिणाम.

आणि पुढच्या वेळी समजा एकही शुक्राणू दिसला नाही, तर घाबरण्याआधी वीर्याच्या पाण्यातलं अल्कलाइन फॉस्फेटेज करा. हे एपिडिडिमिसमधून येतं. ५००० युनिट प्रति लिटरच्या वर असेल तर वाट मोकळी आहे, शुक्राणू तयारच होत नाहीयेत. फार कमी असेल तर नराने पूर्ण वीर्य सोडलं नाही, किंवा दोन्ही बाजूंच्या नळ्या बंद आहेत. रक्तासाठीचं नेहमीचंच यंत्र चालतं, नमुना मात्र पातळ करून लावायला सांगा.

---

माळरान_लातूर

खूप आभार. वृषणकोश सुजलेला नव्हता, चाटतही नव्हता. आत्ता हात लावून बघितलं, दोन्ही सारखे, पण डावा किंचित मऊ वाटतो. नमुना दवाखान्यातच काढला होता, स्लाइड गरम केली होती का ते माहीत नाही.

एक राहिलं. ४ ते ८ जुलै प्रेडनिसोलोनही (स्टेरॉइड) होतं, प्लेटलेटसाठी. आणि आता ‘ताकद यावी’ म्हणून टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुचवलं गेलंय, शिवाय झिंक आणि व्हिटॅमिन ई. काय करू?

---

पशुप्रजनन

टेस्टोस्टेरॉन अजिबात देऊ नका. हे ठळकपणे लिहितोय कारण भरून न येणारं नुकसान बऱ्याचदा इथेच होतं. वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉन रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतं, आणि शुक्राणू त्यावर घडतात. बाहेरून दिलं की मेंदूला वाटतं पुरेसं आहे. तो एलएच आणि एफएसएच ही वृषणाला चालना देणारी संप्रेरकं सोडणं थांबवतो आणि वृषण स्वतःचं उत्पादन बंद करतो. नर मादीमागे जास्त धावेल, वीर्य मात्र आणखी पातळ होईल, आणि तुमचं ७५ दिवसांचं घड्याळ शेवटच्या इंजेक्शनचा असर उतरल्यावर परत शून्यापासून सुरू होईल.

प्रेडनिसोलोन जीव वाचवण्यासाठी दिलं असेल तर ते बरोबरच होतं. तेही एलएच दाबतं आणि वीर्य बिघडवतं, पण पाच दिवसांचा डोस फार खोल जात नाही. फक्त आता खाजेसाठी वगैरे परत स्टेरॉइड नको. बुरशीसाठी केटोकोनॅझोलच्या गोळ्याही नकोत, त्या टेस्टोस्टेरॉन तयार होणंच अडवतात.

झिंक, व्हिटॅमिन ई, माशाचं तेल योग्य प्रमाणात दिल्याने बिघडणार काही नाही, पण तापात गेलेली शुक्राणूंची लाट त्याने परत येत नाही. सेलेनियमची जास्तीची मात्रा विषारी पडते, ते स्वतःहून सुरू करू नका. त्यापेक्षा पत्र्याच्या शेडवर कडबा किंवा हिरवी जाळी टाका. ऑक्टोबर हीटमध्ये दुपारी पत्र्याखाली बांधलेल्या नराला ताप नसला तरी वृषण थंड ठेवता येत नाहीत.

किटबद्दल: ते अँटिबॉडी बघतं, जंतू नाही. यशस्वी उपचारानंतरही अँटिबॉडी कित्येक महिने, कधी वर्षांनुवर्षं राहतात. निव्वळ किटवरून दुसरा कोर्स देऊ नका. तीन गोष्टी बघा: प्लेटलेट टिकून आहेत का, रक्तातलं ग्लोब्युलिन उतरतंय का, आणि ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीतल्या रक्तावर पीसीआर, म्हणजे खुद्द जंतू शोधणारी चाचणी, काय म्हणतो. पीसीआर डॉक्सी थांबल्यावर दोन आठवड्यांनी करायचा असतो, तुमचा राहून गेलाय, आता करा. पॉझिटिव्ह आला तर आणखी २८ दिवस डॉक्सी, किलोला १० मि.ग्रॅ. रोज, म्हणजे तुमच्या नराला २४० मि.ग्रॅ., एकदम किंवा दोन भागांत. गोळी कोरड्या घशात अडकली तर अन्ननलिका भाजते, म्हणून अन्नासोबत आणि वर पाणी. दुधासोबत नको. निगेटिव्ह आला तर दोन महिन्यांनी परत एकदा.

त्याच नळीतून बबेसियाचाही पीसीआर मागा. रॅपिड किटांत तो बऱ्याचदा नसतोच, आणि एकाच गोचिडीतून दोन्ही येणं आपल्याकडे नवीन नाही. बबेसिया गिब्सोनी निघाला तर डॉक्सीने तो जात नाही, इमिडोकार्बनेही पूर्ण जात नाही. त्याला अ‍ॅटोव्हाक्वोन किलोला १३.३ मि.ग्रॅ. दर ८ तासांनी, तेही तुपातल्या किंवा चरबीच्या अन्नासोबत, नाहीतर शोषलंच जात नाही, आणि सोबत अ‍ॅझिथ्रोमायसिन किलोला १० मि.ग्रॅ. दिवसातून एकदा, दोन्ही १० दिवस. मोठा बबेसिया, म्हणजे व्होगेली, निघाला तर इमिडोकार्ब किलोला ६.६ मि.ग्रॅ., १४ दिवसांच्या अंतराने दोनदा. लाळ आणि उलट्यांसाठी आधी अ‍ॅट्रोपिन. हे डोस तुमच्या डॉक्टरांशी बोलताना हाताशी असावेत म्हणून दिलेत, रक्त बघून ठरवायचं त्यांनीच.

शरीरात जंतू दबून राहिला असेल तर नर वर्षानुवर्षं धडधाकट दिसतो, पण आतली प्रतिकारशक्ती सतत पेटलेली असते. असं वीर्य ७५ काय, १५० दिवसांतही वर येत नाही.

---

श्वानआरोग्य_सोलापूर

ब्रुसेलाचं, म्हणजे प्रजनन बिघडवणाऱ्या जंतूचं, नाव अजून कुणी काढलं नाही म्हणून लिहिते. रिकामी मादी, कमजोर वीर्य, एक वृषण किंचित मऊ: गोचीडताप झालेला आहे म्हणून सगळं त्याच्याच माथी मारलं तर हा सुटून जातो. आणि हा मेटिंगमधून पसरतो, एका नरापासून गावभर. एर्लिकिया मेटिंगने पसरत नाही. मादीला गोचीडताप येतो तो नराच्या अंगावरून उतरलेल्या गोचिडीतून.

इथे दोन गफलती नेहमी होतात. पहिली, प्रयोगशाळा गुरांची रोज बेंगाल चाचणी लावून निगेटिव्ह देते. ती चाचणी गुरांच्या ब्रुसेलासाठी आहे. ब्रुसेला कॅनिसच्या पेशीचं बाहेरचं आवरण वेगळं असतं, त्याच्या अँटिबॉडी त्या चाचणीत दिसतच नाहीत. ‘कॅनिससाठीची चाचणी’ असं शब्दशः लिहून मागा. गोठ्याजवळ राहणारा, गाई-म्हशींची वार खाणारा कुत्रा असेल तर गुरांचीही करा, कारण त्याला तोही होऊ शकतो.

दुसरी गफलत तुमच्याच बाबतीत घडू शकते. डॉक्सी ब्रुसेलाला दाबतं पण मारून टाकत नाही. २८ दिवस डॉक्सी झाल्यावर लगेच केलेली चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. जंतू प्रोस्टेट आणि एपिडिडिमिसमध्ये दडून बसतो आणि पुढे परत वर येतो. ३१ जुलैला औषध थांबलं, त्यानंतर ८ ते १२ आठवडे जाऊ द्या. म्हणजे ऑक्टोबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रक्ताची चाचणी, आणि जमलं तर वीर्यावर पीसीआरही. स्लाइडवरची झटपट चाचणी पॉझिटिव्ह आली तरी हाय खाऊ नका, तिच्यात खोटे पॉझिटिव्ह बरेच येतात. दुसऱ्या पद्धतीने खात्री करून घ्या. निगेटिव्हवर मात्र, वेळ बरोबर पाळली असेल तर, बऱ्यापैकी विसंबता येतं.

तोवर वीर्य हाताळताना हातमोजे घाला. हा आजार माणसाला होतो. रिकामी राहिलेल्या मादीच्या मालकांनाही कळवा, त्यांनी तिचं रक्त तपासावं. तसंच मेटिंगचा दिवस मादीच्या रक्तातलं प्रोजेस्टेरॉन (संप्रेरक) बघून ठरवला होता की नुसता दहावा-बारावा दिवस मोजून, तेही विचारा. दिवस चुकला असेल तर रिकामं राहण्यात त्याचाही वाटा आहे.

---

शेडव्यवस्था

नर बरा करून परत त्याच शेडमध्ये बांधलात तर दोन महिन्यांत पुन्हा तेच. एर्लिकिया एकदा झाला म्हणून पुन्हा होत नाही असं नाही, आणि दुसरा ताप म्हणजे शुक्राणूंची दुसरी लाट गेली.

कुत्र्याची तपकिरी गोचीड गाई-म्हशींच्या गोचिडीपेक्षा वेगळी. ती गवतापेक्षा भिंतीत जास्त राहते. रक्त पिऊन फुगलेली मादी उतरते, वर चढते, फटीत जाऊन हजारोंनी अंडी घालते, कधी चार हजारांपर्यंत. पिल्लू, मधली अवस्था, प्रौढ, तिन्ही अवस्थांत ती कुत्र्यावर चढते आणि तिन्ही वेळा उतरून भिंतीत जाते. म्हणून कुत्र्यावर दिसतात त्याच्या कितीतरी पट भिंतीत असतात. प्रौढ गोचीड रक्ताविना वर्षभरसुद्धा तग धरते, शेड चार महिने रिकामी ठेवून काही होत नाही.

क्रम असा ठेवा. कुत्रे बाहेर काढा. दगडी-सिमेंटच्या भिंतींवर, विशेषतः छताच्या खालच्या हातभर पट्ट्यात आणि दाराच्या चौकटीमागे, गॅसची फ्लेम गन फिरवा. कडबा आणि लाकूड आधी लांब न्या. मग फटी सिमेंटने बुजवा. चुना मारून फट झाकते, बुजत नाही. त्यानंतर डेल्टामेथ्रिनची फवारणी, लेबलवर भिंतीसाठी दिलेल्या प्रमाणात, छतापर्यंत. सुकल्यावरच कुत्रे आत. अंड्यांवर औषध चालत नाही, म्हणून दर दोन आठवड्यांनी एकूण चार-पाच वेळा. घरात मांजर असेल तर ओल्या फवारणीपासून लांब ठेवा, तिला हे औषध बाधतं.

कुत्र्यावर नुसती चघळायची गोळी पुरत नाही. गोळीतलं औषध गोचिडीला तिने चावल्यावरच मिळतं आणि ती मरेपर्यंत काही तास जातात. एर्लिकिया चावल्यापासून तीन तासांतही उतरू शकतो. म्हणून गोळीच्या जोडीला गोचीड चिकटूच न देणारं काहीतरी हवं, फ्लुमेथ्रिनचा पट्टा किंवा परमेथ्रिनचं मानेवर टाकायचं औषध. गोळी निवडताना पत्रक वाचा. फ्लुरालेनर प्रजननाच्या कुत्र्यांत तपासलेलं आहे. काही दुसऱ्या गोळ्यांच्या पत्रकावर प्रजननाच्या प्राण्यांत तपासणी झालेली नाही असं लिहिलेलं असतं. आधी झटके आलेला कुत्रा असेल तर या गटातली कुठलीच गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

रोज कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली आणि वृषणकोशाच्या मागच्या घडीत बघा. शेवटची जागा बहुतेक जण विसरतात. चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढा आणि स्पिरिटच्या बाटलीत टाका. बोटांनी चिरडू नका, रॉकेल ओतू नका.

---

माळरान_लातूर

भिंत आजच बघितली. छताखालच्या पट्ट्यात फटीफटीत आहेत. फ्लेम गन उद्या आणतो. प्रोजेस्टेरॉन केलं नव्हतं, दिवस मोजूनच मेटिंग केलं होतं. टेस्टोस्टेरॉन नको म्हणून सांगितलं.

दुसरी मादी साधारण ऑक्टोबरच्या मध्यावर माजावर येईल. त्यांना काय सांगू? आणि वीर्य गोठवून ठेवायचं झालं तर कधी?

---

पशुप्रजनन

त्यांना आजच नाही म्हणा. ऑक्टोबरच्या मध्यावर तुमचा ब्रुसेलाचा निकाल हातात नसेल, आणि तो नसताना दुसऱ्याची मादी घेणं योग्य नाही. वीर्य तोवर सुधारलं तरीही.

तारखा अशा धरा. पीसीआर या आठवड्यात. २९ सप्टेंबरला एक नमुना काढून टाका, ४ ऑक्टोबरला दुसरा काढून पूर्ण तपासा. हालचाल ७० टक्क्यांच्या वर, चांगल्या आकाराचे ७० टक्क्यांच्या वर, आणि एकूण ५० कोटींच्या आसपास आले तर नर सावरला. आकडे वाढलेत पण तिथवर पोचले नाहीत, तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत, मधे काही औषध नको. वाढलेच नाहीत किंवा डावा वृषण आणखी मऊ पडला, तर डिसेंबरची वाट न बघता सोनोग्राफी, ग्लोब्युलिन आणि रंगवलेली स्लाइड.

गोठवणं चांगले आकडे सलग दोन नमुन्यांत आल्यावरच. गोठवून वितळताना चांगल्या वीर्यातलेही बरेच शुक्राणू मरतात, ३० ऑगस्टसारख्या नमुन्यातून हाती काही उरणार नाही. पण एकदा आकडे आले की लांबवू नका. पुढच्या पावसाळ्याआधी, मे महिन्याचं ऊन सुरू व्हायच्याही आधी, जानेवारी-फेब्रुवारीत करून टाका.

४ ऑक्टोबरचा अहवाल आला की इथे टाका, त्या गोल पेशींचा १००० पटीतला फोटो आणि कॅलिपरचे दोन्ही आकडे सोबत द्या.